उतारा क्रमांक चौदा

वरची वाडी, ता. मावळ
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

आदरणीय प्रेरणा मॅडम,

सप्रेम नमस्कार. नव्या घरी तुमचं छान चाललं असेल. चिंचवडचा पत्ता क्लासातल्या तेजलकडून घेतला. तुमच्या लग्नाला यायचं फार मनात होतं, पण त्याच दिवशी वनरक्षकाची लेखी परीक्षा आली. तेजलने फोटो दाखवले. मोरपंखी रंग तुम्हाला शोभतो.

मोबाइलवर तुम्हाला चारदा लिहायला घेतलं आणि चारदा पुसलं. शेवटी वहीचे कागद फाडले. कागदावर खाडाखोड दिसेल, ती चालवून घ्या.

आमच्याकडे सगळे बरे आहेत. आबांचा गुडघा दुखतो, पण ते ऐकत नाहीत. वालाला यंदा शेंगा भरपूर आहेत. माझी थोरली बहीण हिराताई तिच्या दोन्ही पोरांना घेऊन परवाच आठवडाभरासाठी आमच्याकडे आलीय.

क्लास चालू आहे. म्हणजे होता, माझ्यापुरता. तुम्ही गेल्यापासून इंग्रजी कैलास सरच घेतात. ते उतारा वाचतच नाहीत. प्रश्नाचा नंबर आणि उत्तराचं अक्षर सांगतात, आम्ही वहीत उतरवतो. एक सी, दोन ए, तीन डी. खालच्या दुकानातून चिक्कीचा वास येत असतो आणि आम्ही चाळीस जण अक्षरं लिहीत असतो. लिपिकाची परीक्षा २३ मार्चला आहे. गणित, सामान्य ज्ञान मला जमतं. अडतं ते कॉम्प्रिहेन्शनपाशी, हे तुम्हाला माहीत आहेच.

मॅडम, एक विचारू? सामाजिक प्रश्नांवरचे हे उतारे कोण कोणासाठी लिहितं? बालविवाह, व्यसन, स्थलांतर, पाणीटंचाई, स्त्रीशिक्षण. प्रत्येक उताऱ्यात आम्हीच असतो. आणि प्रश्नही आम्हालाच असतो, की या लोकांचं काय चुकतं ते सांगा. तो पर्यटनावरचा उतारा आठवतो का? ‘पर्यटनाचा तोटा कोणता?’ मी ‘पाणी’वर खूण केली होती, कारण बंगल्यांचे पोहायचे हौद भरले की आमच्या वाडीचा नळ दोन दिवस सुकतो. उत्तर होतं ‘कचरा’. मी भांडले. तेव्हा तुम्ही हसून म्हणालात, “निर्मला, उताऱ्यात आहे तेवढंच खरं. तुला जे माहीत आहे ते बाहेर चपलांजवळ ठेवून आत यायचं.”

मी ते शिकले. इतकं चांगलं शिकले की आता त्याचाच राग येतो.

जानेवारीत सरांनी नवी पुस्तिका काढली. निळं मुखपृष्ठ, त्यावर सरांचा फोटो, आत बारीक अक्षरात ‘उतारे : प्रेरणा मॅडम’. तुमचं नाव बघून मला आनंद झाला, खोटं सांगत नाही. १९ तारखेच्या सराव परीक्षेत त्यातला चौदावा उतारा आला.

डोंगरातली एक वाडी. एक हुशार मुलगी, सुनीता. खताच्या गोणीचं दप्तर घेऊन ती रोज ओढा ओलांडून शाळेत जाते. आई तिला ओढ्यापर्यंत पोचवते.

गोणीचं दप्तर वाचलं आणि माझा हात थांबला. तुम्ही नाव बदललंत, पण दप्तर तेच ठेवलंत. लोणावळा स्टेशनच्या पायऱ्यांवर बसून मी तुम्हाला हिराताईबद्दल सांगितलं होतं. मी कोणाला सांगत नाही. तुम्ही मला स्वतःची डिक्शनरी दिली होती, शनिवारी एकटीला थांबवून शिकवत होतात, म्हणून सांगितलं. ऐकताना तुमचे डोळे भरून आले होते. मला वाटलं होतं, ते तिथंच राहील.

पुढे उताऱ्यात एकच वाक्य आहे, की नंतर एका जमीनमालकाने आपल्या जागेला कुंपण घातलं. बस. त्यानंतर लगेच, अनेक अशिक्षित पालकांप्रमाणे तिच्या आईलाही शिक्षणाचं महत्त्व कळलं नाही आणि सुनीताची शाळा सुटली.

प्रश्न : उताऱ्यानुसार सुनीताची शाळा सुटण्याचं मुख्य कारण कोणतं? ए, शाळेचं अंतर. बी, बंद झालेली वाट. सी, आईचं अज्ञान. डी, गरिबी.

मी सी वर खूण केली.

मला बी माहीत होतं. शाळेच्या वाटेवर बंगल्याचं गेट उभं राहिलं, ते मी स्वतः पाहिलेलं आहे. पण उताऱ्यानुसार सी होतं, आणि पेन अडखळलं नाही. कॉम्प्रिहेन्शनमध्ये दहापैकी दहा, आयुष्यात पहिल्यांदा. क्लासात पहिली.

इथवर लिहून मी उठले, दळण आणायचं आहे म्हणून. दळण उद्या आणलं असतं तरी चाललं असतं. पुढचं लिहायला नको वाटत होतं.

सरांनी मला फळ्याजवळ बोलावलं. बी लिहिणारे बरेच होते, त्यांना सी का ते समजावून सांग म्हणाले, तेही इंग्रजीत. मी सांगितलं, मॅडम. सगळ्यांसमोर उभं राहून, चांगल्या इंग्रजीत सांगितलं, की कुंपण ही फक्त पार्श्वभूमी आहे, मुख्य कारण आईचं अज्ञान, कारण तिला शिक्षणाची किंमत कळली नाही. तुम्ही शिकवलेलं ‘देअरफोर’ सुद्धा बरोबर जागी वापरलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. ती आई म्हणजे माझी आई, सावित्राबाई. त्या टाळ्या मी घेतल्या. मला बरं वाटलं, हे सगळ्यात वाईट.

घरी आल्यावर आईने विचारलं, “किती पडलं?” मी पेपर दाखवला. तिला आकडे वाचता येतात. दहाखाली दहा बघून तिने तो कागद देवाच्या फोटोमागे खोचला. पाणी भरायला आलेल्या प्रत्येकीला काढून दाखवायची. “आमच्या निर्मलीनं इंग्रजी सोडवली, एक बी चूक न्हाई.” दोन आठवडे हे चाललं. मी काही बोलले नाही.

मग परवा हिराताई आली. तिने कागद हातात घेतला, सहावीपर्यंतचं जेवढं उरलंय तेवढं जुळवत बसली. “सु-नी-ता,” म्हणाली. “कोन गं ही? काय लिवलंय हिचं?”

मी म्हटलं, असंच काहीतरी, परीक्षेचं.

“आगं पन सांग की. मला बी कळू दे.”

मग मी मराठीत वाचून दाखवलं. वाटेत कुठेतरी बदलून वाचावं असं मनात आलं, पण दप्तराशीच ताईने ओळखलं. ती हसली. “माझंच हाय की!” आई चुलीपाशी होती, ती पुढे येऊन बसली. शेवटचं वाक्यही मी वाचलं.

आईने कागद माझ्या हातातून घेतला. मग म्हणाली, “गेटाशी मी तीन दिस बसलेली, ते कुटं हाय त्यात?”

“नाही त्यात.”

“वॉचमननं हाकललं तरी उठले न्हाई. सरपंचाकडं गेलते. शाळंत गेलते, गुर्जींच्या हातापाया पडले. वाट आमच्या आज्यापास्नची व्हती. ते बी न्हाई?”

“नाही, आई.”

“लांबच्या वाटंनं तिला महिनाभर नेली मी. दीड तास जायला, दीड यायला. रोजावर जायचं बंद झालं. त्ये?”

मी नाही अशी मान हलवली. तिने विचारलं, “मग तू काय उत्तर लिवलंस?”

हे तिने विचारू नये असं मला वाटत होतं. मी सांगितलं. ती मला ओरडली नाही. तिने कागद घडी करून परत फोटोमागे ठेवला आणि भाकरी थापायला गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं. ताईच बोलली, “जाऊ दे गं. तुला मार्क पायजे व्हते.” ताई त्याच बंगल्यावर सोमवारी चादरी धुवायला जाते. तेच गेट तिला आता उघडतात.

आणखी एक, मॅडम. तुमच्या उताऱ्यातल्या आईला एकच मुलगी आहे. गेट झालं त्या वर्षी मी सहा वर्षांची होते. वाट बंद झाली म्हणून आईने मला आश्रमशाळेत ठेवलं. एवढीशी पोर लांब ठेवून दर महिन्याला डोंगर उतरून मला भेटायला यायची. शिक्षणाचं महत्त्व न कळलेल्या बाईचं हे काम आहे. हेही मी तुम्हाला त्या पायऱ्यांवर सांगितलं होतं. तुम्ही ते का गाळलंत? चार पर्यायांत एकच उत्तर बरोबर यायला हवं, म्हणून? मी खूप विचार केला. मला दुसरं कारण सापडत नाही.

काल मी सरांकडे गेले. म्हटलं, हा उतारा चुकीचा आहे, ही माझी आई आहे. सर आधी दचकले, मग म्हणाले, “अगं, उतारा आहे तो, पंचनामा नाही.” मी हटले नाही, तेव्हा म्हणाले, “बरं, पुढच्या आवृत्तीत काढून टाकतो. त्या जागी प्लास्टिकवरचा घालू.” मी म्हटलं, काढू नका, बदला. ते म्हणाले, “परीक्षा सहा आठवड्यांवर आलीय आणि तुला हे सुचतंय? आयोगाशीपण अशीच भांडणार का?” मी पुस्तिका त्यांच्या टेबलावर ठेवून आले. तेजल जिन्यापर्यंत मागे आली. “पण उताऱ्यात तसंच आहे ना गं,” म्हणाली. तिच्यावर चिडून उपयोग नव्हता. तीन आठवड्यांपूर्वी तिला ते मीच शिकवलं होतं.

परीक्षा मी देणार आहे. तिथे कोणाची तरी आई अशीच आली तर मी पुन्हा सी वरच खूण करेन, कारण मला नोकरी हवी आहे. हे लिहिताना लाज वाटते, पण तुमच्याशी खोटं बोलणार नाही.

सोबत दोन पानं जोडली आहेत. आई बोलत गेली आणि मी रात्रभर डिक्शनरी घेऊन ते इंग्रजीत लिहिलं. ग्रामरच्या चुका असतील, त्या तेवढ्या सुधारा. बाकी एक शब्द हलवू नका. खाली प्रश्न घातलेले नाहीत. सरांना तुम्ही सांगितलंत तर ते छापतील, ते तुमचं ऐकतात.

मी आईला म्हटलं, मॅडमना माफीचं पत्र लिहायला सांगते. ती म्हणाली, “कागद नगं. त्या बाईलाच बोलाव. तिनं तुझ्याकडनं ऐकलंय, माझ्याकडनं कुटं ऐकलंय?” म्हणून हे बोलावणं आहे. पुढच्या रविवारी या. वालाची उसळ करू. साहेबांनाही आणा.

येताना तुमची गाडी बघून वॉचमन गेट उघडेल. त्या वाटेने वाडी दहा मिनिटांवर आहे. तिथून येऊ नका. गाडी खालीच लावा आणि ओढा वरच्या अंगाला ओलांडणाऱ्या लांबच्या वाटेने चालत या. दीड तास लागतो. आई ओढ्यापर्यंत तुम्हाला न्यायला येईल.

सावित्राबाईंची धाकटी मुलगी,
निर्मला