नातीचा एक थेंब आणि देणारे तिघं

नारीन, २० जानेवारी

थोरल्या बहिणीस, सायरा एजे यांना, धाकट्या तुर्गुनबायचा सलाम. तुमचे गुडघे कसे आहेत? (माझ्यांचं विचारू नका, इथे थंडी उणे पंचवीस आहे.) आमची बातमी ओशला तुमच्यापर्यंत तिखटमीठ लावून पोचली असेल, म्हणून खरी हकिगत मीच कळवतो.

नात पंधरा दिवसांची झाली तेव्हा डॉक्टरीणबाई घरी आल्या. आपल्या रीतीने चाळीस दिवस बाळ बाहेर काढायचं नाही, त्यात पाळण्यावर जाड पडदे. मग अंगाला ऊन लागणार कधी आणि हाडं बळकट होणार कशी, असं म्हणून त्यांनी ड जीवनसत्त्वाची बाटली दिली. रोज एक थेंब, एकच. औषध तेलकट होतं, म्हणजे माझ्याच खात्यातलं. एजे, तीस वर्षं बस चालवली आहे मी. तेल कधी आणि किती घालायचं हे मला कुणी शिकवायला नको. मुलगा नोकरीवर बिश्केकला, सून आइझादा जागरणांनी अर्धमेली (तिच्या कुठलं लक्षात राहायला?), तेव्हा ही जबाबदारी मी गाजावाजा न करता उचलली. रोज संध्याकाळी पाळण्याचा पडदा सारायचा की काम फत्ते.

दहाव्या दिवशी मी बाटली तिरपी केली आणि सून मागून ओरडली, "बाबा, हे काय करताय? मी सकाळीच दिलाय!"

"रोज देतेस?"

"रोज!"

कणकेचे बोरसोक तळता तळता नातीची आजी, आमची बुरुल, आतून म्हणाली, "अगं बाई, मग मी दुपारी देते तो कुणाच्या वाटचा?"

सुनेचा चेहरा पांढराफटक पडला. मी बाटलीचं झाकण घट्ट लावलं. चाळीस दिवस राहिले बाजूला. जिने शेजारणीलासुद्धा बाळाचं तोंड पाहू दिलं नव्हतं, ती बुरुल बाळाला कोटात घेऊन सगळ्यांच्या आधी गाडीत बसली. बर्फातून गाडी मी हाकली. दवाखान्यात रक्त काढताना बाळ थोडं रडलं, बुरुल पुष्कळ रडली. निकाल येईपर्यंत आम्ही तिघं एका बाकावर बसलो होतो. कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

"कॅल्शियम ठीक आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "थेंबांवर निभावलं, चमच्याने दिलं असतंत म्हणजे? दोन आठवडे बंद. मग रोज एकच, आणि तो एकानेच द्यायचा. तुमच्यात भरवशाचं माणूस कोण?"

तिघांनी हात वर केले.

असो. नात मजेत आहे, दूध ओढते आणि माझ्या मिशाही ओढते. प्रकृतीला जपा.

तुमचा,
तुर्गुनबाय

ता. क. सुनेने बाटली कुलपात ठेवली आहे. म्हणते, "किल्ली देईन तर फक्त आत्याबाईंना." तेव्हा मिळेल त्या गाडीने या.

ता. ता. क. येताना माझ्यासाठी बाजारातून जाड भिंगांचा चष्मा आणा. हल्ली मला बारीक वस्तू नीट मोजता येत नाहीत. थेंब तर मुळीच नाहीत. हे सुनेला सांगू नका.