तेरा नवरे आणि एक भरीत

ती. रतिलालनाना यांस,

जामनेरच्या प्रेमराजचा नमस्कार. (रीतीने पाहता जावयाला तुम्ही नमस्कार करायचा, पण सध्याची परिस्थिती बघता मीच आधी वाकलेला बरा.) तुमच्या गुडघ्याला उतार असेल, वहिनी मजेत असतील. नूतनची चौकशी करायचा हक्क मला उरलाय की नाही ठाऊक नाही, म्हणून ती कंसात करतो (बरी आहे ना?). फोन तुम्ही उचलत नाही, त्यात तुमची चूक नाही. शेवटचा फोन मी प्यालेला असताना केला होता आणि तुमच्या म्हशीलाही फोनवर बोलवायला सांगितलं होतं, असं ऐकतो.

तुमची बहीण नूतन माहेरी निघाली तेव्हा म्हणाली होती, प्यायल्यावर तुम्ही साऱ्या गावाशी बोलता आणि उतरल्यावर माझ्याशी नुसतं ‘हं’. खोटं नव्हतं. म्हणून एरंडोलजवळच्या रानात दारू सोडवायचं एक शिबिर असतं, तिथे महिनाभर राहून आलो. दारू सुटली नाना, आज बेचाळिसावा दिवस. पण शिबिर चालवणाऱ्या सारिकाताईंचं म्हणणं, हे अर्धंच काम झालं; घरच्या माणसाशी तोंड उघडणं हे उरलेलं अर्धं.

आम्ही तेरा नवरे होतो. प्रत्येकाने एक झाड निवडायचं आणि बायकोला जे कधी सांगितलं नाही ते रोज सकाळी त्या झाडाला सांगायचं. मी केळीपुढे बसलो. पण केळीवाल्याचा हात गप्प बसतो होय? दोन वाक्यांत माझं मन मोकळं झालं, मग मी विळा घेऊन बुंध्याची जादा पिलं काढली, वाळकी पानं उतरवली, ठिबकची नळी सरळ केली. काय बोललात, असं ताईंनी विचारलं तर मी म्हटलं, पोटॅश कमी पडतंय. (बाग सुधारली, मी होतो तसाच.) धुळ्याकडचा निंबा तर लिंबालाच दरडावायचा, “तू बोलस का नही?” दहाव्या दिवशी त्याने झाड बदलून मागितलं.

शेवटच्या रविवारी ताई म्हणाल्या, आज तुम्हाला जमतं ते करा. मग काय विचारता. शेतातलं भरीत म्हणजे आपल्याकडे पुरुषांचं राज्य. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली, ठेचली, आणि मिरची किती यावरून तेरा जणांचं कडाक्याचं भांडण जुंपलं. तेवढ्यात ताईंनी सहज विचारलं, घरी बायकांना कसं आवडतं? नाना, तेरांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं. शेतातल्या भरिताला बायका येतात कुठे? लग्नाच्या चौदा वर्षांत मी पन्नासेक पार्ट्या रांधल्या असतील, गावातल्या कोणाला किती तिखट लागतं ते तोंडपाठ आहे, पण नूतनच्या ताटात माझ्या हातचा एक घास पडलेला नाही. मला रडू आलं. (धूर होता, पण ते धुराचं नव्हतं.) मग मी जो बोलत सुटलो तो दोन तास थांबलो नाही, आणि माझ्यामागून बाकीचे बाराही बोलले. ताईंनी वही मिटली, म्हणाल्या, झालं शिबिर. सरपंचकी जिंकल्यागत आम्ही गुलाल तेवढा उधळायचा ठेवला.

वहिनींना नमस्कार.

तुमचा,
प्रेमराज

ता. क. : खरं काम असं, की मी तुमच्याच पारोळ्याच्या स्टँडवर बसलोय. सकाळी स्वतः केलेल्या भरिताचा डबा मांडीवर आहे आणि तुमच्या दारात यायची हिंमत होत नाही. पत्र तुमच्या शेजारच्या चिंधाभाऊंकडे देतो. नूतनला तेवढं स्टँडवर पाठवा. (तुम्ही येऊ नका. तुम्हाला भरीत किती आवडतं ते मला पक्कं माहीत आहे.)

आणखी ता. क. : चिंधाभाऊंनी पत्र थेट नूतनच्याच हाती दिलं. ती ते वाचून, सोबत घेऊनच इथे आली, म्हणून पुढचं याच कागदावर लिहितो. तिने बाकावर बसून डबा उघडला, एक घास खाल्ला आणि म्हणाली, “मीठ जास्ती शे.” मी विचारलं, कसं हवं होतं? तेव्हापासून ती सांगतेय. जळगावच्या दोन गाड्या गेल्या, तिसरीच्या आत तिची पिशवी पाठवून द्या. डब्याची वाट बघू नका. तो तिने एकटीने संपवला, मला विचारलंसुद्धा नाही.