जावळ आणि नवे तांदूळ

घोटी, २४ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. तृप्तीस, आईचे अनेक आशीर्वाद.

इकडं सगळे ठीक. भात झोडून झालं, देवरामच्या टेम्पोत नवे तांदूळ धाडलेत.

आता कामाचं. बंटी रडला की जांघेत गाठ येती. डॉक्टर म्हणाले, हर्निया आहे, लवकर ऑपरेशन करा. आणि तुझी सासू म्हणती, जावळ काढल्याशिवाय पोराच्या अंगाला हत्यार लावायचं नाय, जावळही मामाच्याच मांडीवर. मामा म्हणजे आपला किशोर, एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कामाला, त्याला रजा संक्रांतीला. तोवर गाठीनं दम धरायचा का? जावईबापूंची, धनराजरावांची, लहानपणी बेंबी फुगली होती, ती आपोआप बसली, हे सतरांदा सांगती. अगं, बेंबीचं पुष्कळदा बसतं, जांघेतलं बसत नाय. डॉक्टरांनी तुम्हा दोघींपुढं सांगितलं, तेव्हा विहीणबाईंच्या कानात कापूस होता का? गाठ टणक झाली, पोर ओकायला लागलं, तर मामा नको, मुहूर्त नको, उचल आणि नाशिक गाठ.

चिडलीस तरी चालेल, माया तेवढी ठेव.

तुझी आई,
कुसाबाई


चांदवड, ४ डिसेंबर

ती. आईस, तृप्तीचा शि. सा. नमस्कार.

आधी हे की बंटी बरा आहे. तुझं पत्र माझ्याआधी सासूबाईंच्या हाती लागलं. चष्मा लावून सगळं वाचलं. रात्री जेवताना एवढंच म्हणाल्या, तुझ्या आईची जीभ आहे की विळा!

दुसऱ्या दिवशी बंटी रडायचा थांबेना, दूध ओकला, गाठ दगडासारखी. मी यांना फोन लावतेय तोवर सासूबाई त्याला घेऊन रिक्षात बसल्यासुद्धा. मी जावळाचं नाव काढलं तर माझ्यावरच खेकसल्या, केस कुठं पळून चाललेत का! नाशिकला डॉक्टरांनी गाठ हलकेच आत बसवली, सूज उतरल्यावर ऑपरेशन केलं. आणखी उशीर झाला असता तर आतड्यावर बेतलं असतं, म्हणाले. आता जखम कोरडी ठेवायची, दूध नेहमीसारखं पाजायचं, ताप आला किंवा जखम लाल झाली तर लगेच दाखवायचं.

पण आई, फोन असताना पत्र कशाला, आणि तेही तांदळात?

आहे तसाच जीव लावत राहा.

तुझी तृप्ती


घोटी, १५ डिसेंबर

चि. सौ. तृप्तीस, आशीर्वाद.

तुमच्याकडून काल घरी सुखरूप पोचले. बंटीला हसताना बघून पोट भरलं. मालिशीला तेलाची बाटली उघडली, तर विहीणबाईंनी हातातून हिसकली. जखम भरेस्तोवर तेल लावायचं नाय, डॉक्टरांनी सांगितलंय, तुमच्या कानात कापूस आहे का म्हणे!

किशोर संक्रांतीला येतोय, जावळ तेव्हाच काढू.

तू विचारलंस, पत्र तांदळात का. फोनवर तू रडली असतीस, मी ओरडले असते, आणि जिला ऐकवायचं तिला काहीच कळलं नसतं. तुमच्या घरात तांदूळ कोण निवडतं, हे मला ठाऊक नाय का?

हे पत्रही तांदळाच्या दुसऱ्या गोणीतच घातलंय. विहीणबाई, वाचून झालं की तृप्तीला द्या. लोभ तुमचाही हवाच.

कुसाबाई