मामंजींना ऐकू येऊ लागल्याबद्दल

तीर्थरूप वन्संना,

तुमच्या एकुलत्या एका भावजयीचा वाकून नमस्कार. (खरोखरच वाकून; टेबलाचा एक पाय हलतो, म्हणून डाव्या हाताने तो धरून उजव्या हाताने लिहिते आहे.) तुमचे गुडघे कसे आहेत? तुमच्या घरातला खोकला आता कुणाकडे आहे? आम्ही इकडे सगळे ठणठणीत. तुमचा भाऊ पूर्वी होता तसाच आहे, तेव्हा त्याच्याबद्दल वेगळं काही लिहीत नाही.

तुमचं पार्सल मिळालं. कानाचं मशीन फारच सुरेख आहे. मामंजींना (तुम्ही त्यांना बाबा म्हणता, मी मामंजी, माणूस एकच, तेव्हा घोटाळा नको) आता सगळं ऐकू येतं. सगळं म्हणजे अगदी सगळं. फ्रीजची घरघर, वरच्या मजल्यावरच्या बाईंच्या चपला, मी डब्यातून बिस्किट काढते तो आवाज. तुमचा भाऊ त्यांच्या पाठीमागे काय पुटपुटतो तेही पहिल्याच दिवशी ऐकू आलं, आणि तो गेली कित्येक वर्षं तेच पुटपुटत असावा असा अंदाजही त्यांनी बांधला. त्यानंतर बापलेक बरेच दिवस माझ्यामार्फत बोलत होते. तुमचे उपकार मी जन्मात विसरणार नाही, आणि हे मी अजिबात चिडून लिहीत नाहीये.

आता जरा माझ्या शाळेबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. मी शाळेचं ग्रंथालय सांभाळते हे तुम्हाला ठाऊक आहे. (तुम्ही चारचौघांत ‘ती शाळेत कपाटं पुसते’ असं सांगता हे मलाही ठाऊक आहे, पण ते असो.) मुलांनी वाचावं म्हणून मी काय काय केलं त्याला सीमा नाही. भिंतीवर कागदाचं झाड लावलं आणि जाहीर केलं की एक पुस्तक वाचलं की एक पान चिकटवायचं. आठवड्यात झाड इतकं डवरलं की मुख्याध्यापिका बाई फोटो काढून गेल्या. पुढे कळलं की पाचवीतल्या एका कर्तबगार मुलाने ‘पान वाचलं की पान’ असा सोयीचा हिशेब लावून सगळ्यांना शिकवला होता. मग एकदा कुणीतरी पंखा जोरात सोडला आणि झाडाची पानगळ झाली, ती मीच केर काढून आवरली. नंतर ‘आवडत्या पुस्तकातलं पात्र होऊन या’ असा दिवस ठेवला, तर अर्धी शाळा भूत होऊन आली, कारण भुताला फक्त चादर लागते. कोणत्या पुस्तकातलं भूत, असं विचारलं तर भुतं एकमेकांकडे बघायला लागली.

तरी मुलं पुस्तकं नेत तरी होती. मोठ्याने वाचा म्हटलं की मात्र सगळ्यांचे घसे बसायचे. त्यांचंही चुकत नाही म्हणा. वर्गात उभं राहून वाचायचं म्हणजे एक जण वाचणार, बाई मध्येच तोडणार आणि बाकीचे हसायला टपलेले. त्यातच एक निळ्या रिबिनीची मुलगी आहे. तिचे शब्द ओठाशी येऊन अडतात. बिचारी जोर लावते, लाल होते, आणि शेवटी तिच्या बाई दयाळूपणे म्हणतात, बस हं बाळ, पुढचा कोण? असं रोज झाल्यावर तिने बोलणंच कमी केलं होतं. ग्रंथालयात यायची, जाड जाड पुस्तकं उघडून बसायची, आणि मी जवळ गेले की मिटायची.

आणि मग मामंजी आले. ठरवून नाही हो. मी चष्मा घरी विसरले होते, तो द्यायला आले आणि जिने चढून दमल्यामुळे खिडकीपाशी खुर्चीत टेकले. शेजारी एक मुलगा वाचत होता. त्याला काय वाटलं कोण जाणे, तो मोठ्याने वाचायला लागला. मामंजींना त्यातलं अक्षर ऐकू येत नव्हतं, पण तुम्हाला त्यांची सवय माहीतच आहे. समोरच्याचे ओठ हलत असले की ते मान डोलवतात, ओठ थांबले की ‘वा’ म्हणतात. (तुम्ही व्हिडिओ कॉलवर त्यांना तासतासभर सगळं सांगायचात आणि ‘बाबा किती समजून घेतात’ म्हणायचात, तेही असंच. आता सांगायला हरकत नाही.) तो मुलगा धावत जाऊन आणखी दोघांना घेऊन आला. मामंजी रोज येऊ लागले आणि पंधरवड्यात खिडकीपाशी रांग लागायला लागली. मध्ये न बोलणारा, न हसणारा, घड्याळाकडे न बघणारा मोठा माणूस मुलांनी तोवर पाहिलाच नव्हता.

निळी रिबीन रांगेत सगळ्यांत शेवटी उभी राहायची, बाकीचे गेले की बसायची. एका बोटीवर राहणाऱ्या मांजरीची गोष्ट, चांगली जाडजूड. रोज एकच पान. शब्द अडायचा तेव्हा ती थांबायची, मामंजी शांतपणे मान डोलवत राहायचे, आणि शब्द आपला आपण सुटायचा. मी कपाटाआड उभी राहून ऐकायचे आणि मला रडू यायचं, हे तुमच्या भावाला कळवू नका.

अशा वेळी तुमचं पार्सल आलं.

वन्सं, तुमच्या बाबांनी उभं आयुष्य छापखान्यात प्रुफं तपासली. दुसऱ्याची चूक दिसली की त्यांचा हात आपोआप उठतो. ती चूक आता त्यांना ऐकूही यायला लागली. मशीन लावून ते पहिल्यांदा शाळेत आले त्या दिवशी पहिल्या मुलाला स्वल्पविरामापाशी थांबला नाही म्हणून तीनदा मागे नेलं. दुसऱ्याला म्हणाले, वाचतोयस की गाडी पकडायची आहे? तिसऱ्याने तर पुस्तक उघडलंच नाही. दोन दिवसांत रांग गेली, चार दिवसांत खोली रिकामी. निळी रिबीन आली, तिने मामंजींच्या कानाकडे बघितलं, आणि घसा दुखतोय म्हणाली. दुसऱ्या दिवशीही घसा. आता आठवडा झाला, ती येते, पुस्तक मांडीवर मिटून धरते, घंटा झाली की जाते. मामंजी मला विचारतात, सूनबाई, माझं काही चुकलं का गं? मुलं का येत नाहीत? त्यांचा चेहरा एवढासा होतो. मी काय सांगणार? लेकीने हौसेने पाठवलेल्या वस्तूला नावं ठेवायची माझी छाती नाही.

बाकी सर्व क्षेम. गुडघ्यांना जपा. थोरांना नमस्कार, धाकट्यांना पापा, आणि मधल्यांना जे योग्य वाटेल ते.

तुमची,
कपाटं पुसणारी भावजय

ता. क. पत्र लिहायचं खरं कारण वर राहूनच गेलं. मामंजी माझं ऐकत नाहीत, मुलाचं तर आता मुळीच नाही. तुमचं मात्र ऐकतात. तर त्यांना एवढंच कळवा, की मशीन विकणाऱ्याने सांगितलंय, याला दुपारी शाळेच्या वेळात विश्रांती द्यावी लागते, नाहीतर बिघडतं. हे थोडं खोटं आहे, पण ती मुलगी पुन्हा गप्प झाली तर ते मला सहन व्हायचं नाही.

ता. क. दुसरा. वरचा ता. क. वाचू नका. वाचला असलात तर मामंजींना काही कळवू नका. पत्र पर्समध्ये घेऊन शाळेत गेले होते, टपालात टाकायचं राहिलं, ते बरंच झालं. आज मामंजींनी निळ्या रिबिनीला स्वतःहून बोलावलं. कानातलं मशीन काढलं, तिच्या हातात दिलं आणि म्हणाले, हे तुझ्यापाशी ठेव, पान संपलं की दे. म्हणजे त्यांना सगळं कळलेलं होतं, मीच उगाच कपाटाआड जीव टांगणीला लावून उभी. तिने वाचलं. पान संपलं. मग तिने मशीन परत केलं, त्यांनी ते कानात घालेपर्यंत थांबली, आणि तेच पान पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागली. अडखळली. बऱ्याचदा अडखळली. तुमचे बाबा खुर्चीचे हात धरून, ओठ घट्ट मिटून बसले होते, आणि एक शब्दही बोलले नाहीत. वन्सं, माझं लग्न झाल्यापासून हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

ता. क. तिसरा, आणि हा तुम्हाला आवडणार नाही. सुट्टीत मामंजींना तुमच्याकडे न्यायचं म्हणून तुम्ही काढलेलं तिकीट मिळालं. पण त्या दिवशी घरी येताना त्यांनी मला विचारलं, ती मांजर बोटीवर आली कुठून? एवढे दिवस मान डोलवली, पण गोष्ट त्यांना ठाऊकच नाही. मी तरी काय सांगणार, ते पुस्तक मी वाचलेलं नाही. (हे कुणाला सांगू नका, माझी नोकरीच ती आहे.) दुसऱ्या दिवशी त्यांनी ते निळ्या रिबिनीला विचारलं, तेव्हा ती म्हणाली, आजोबा, मग मी सुरुवातीपासून वाचते, सुट्टीतही तुमच्या घरी येईन. पुस्तक फार जाड आहे, वन्सं, आणि ती रोज एकच पान वाचते. तिकीट रद्द करा.