अर्धा फेरा जास्त

वस्ताद,

अण्णांच्या गाडीचं इंजिन तुमच्या हातून गेलं नव्हतं. ते मी घालवलं. एवढं एक वाक्य छत्तीस वर्षांत मी कुणासमोर उच्चारलेलं नाही, आणि माझं तर सगळं आयुष्य बोलण्यावर उभं आहे. सभेत मी माईक बाजूला सारतो. सत्ता कुणाचीही असो, चूक झाली असेल तर चारचौघांत उभं राहून कबूल करा, असं टेबलावर मूठ आपटून सांगतो. लोक टाळ्या वाजवतात. टाळ्या विरल्या की क्षणभर जी शांतता पडते, तिच्यात मला मंगळवार पेठेतलं आपलं गॅरेज ऐकू येतं, जिथं मी तुमच्या हाताखाली काम शिकलो.

शुक्रवार होता. अण्णांची जुनी काळी गाडी सकाळपासून दारात. ऑइलचा दाब दाखवणाऱ्या काट्याकडे जाणारी बारीक नळी इंजिनाला जिथं जोडते, त्या पितळी फिटिंगपाशी तेल झिरपत होतं. मी पाना घेऊन पुढं झालो, तशी तुम्ही हातावर चापट मारलीत. "आवळायची लई घाई तुला. आधी गळतंय कुठनं ते तर बघ की." मग रॉकेलच्या फडक्यानं तुम्ही ती बाजू लख्ख पुसलीत, कोरडी केलीत, वर अंगाला लावायची पावडर भुरभुरलीत आणि इंजिन चालू केलंत. आपण दोघं वाकून बघतोय. पांढऱ्या पावडरीवर एक काळा ठिपका उमटतो. फिटिंगच्या आट्यांत नाही, खालच्या तांब्याच्या चकतीच्या, वायसरच्या कडेला. "दिसलं? वायसर दगड झालाय. लाल तापवून पाण्यात सोडला की मऊ पडतो. मग हातानं बसंल तेवढं बसवायचं, वर पाव फेरा. बास." नमाजाची वेळ झाली होती. हात धुता धुता तुम्ही म्हणालात, "मी आल्याबगर हात लावू नगंस."

तुम्ही गेलात आणि अण्णा आले. त्यांना गारगोटीला मुलीच्या सोयरिकीच्या बैठकीला पोचायचं होतं. "काय रं वक्त्या, झाली का गाडी? का भाषणच देत बसलायस?" कॉलेजात मी वक्तृत्वाच्या ढाली जिंकायचो, म्हणून गल्लीत माझं नाव वक्त्या पडलेलं. "झाली की अण्णा," मी म्हणालो. आधी बोलून बसलो, काम नंतर केलं. वायसर तापवायला दहा मिनिटं लागली असती. मी लांब दांड्याचा पाना लावला आणि फिटिंग अर्धा फेरा आवळलं. ठिपका थांबला. म्हातारा उगाच वेळ काढतो, असं तेव्हा मला वाटलं होतं. तेही आज लिहून टाकतो.

संध्याकाळी गाडी ट्रॅक्टरला बांधून परत आली. फिटिंग मानेला तडकून तुटलं होतं, तेल सगळं रस्त्यावर, इंजिन जाम. बैठक हुकली होती. अण्णा भर पेठेत ओरडत होते, "वस्ताद, हात गेला तुमचा! गॅरेज बंद करा आन् घरात बसा!" तुम्ही ते पितळ उजेडाला धरलंत. आट्यांवरची ओढ बघून पाना कुणाचा ते तुम्हाला कळतं, हे मला ठाऊक होतं. तुम्ही माझ्याकडं एकदाच पाहिलंत. त्या नजरेत राग नव्हता. तुम्ही वाट बघत होता. मग म्हणालात, "व्हय अण्णा, माझ्याकडनंच ऱ्हायलं." त्यानंतर मुरगूडपर्यंतची जुन्या गाड्यांची माणसं हळूहळू दुसरीकडं वळली. इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून दुखणं सांगणारा माणूस शेवटची वर्षं स्कूटरच्या ब्रेकच्या वायरी बदलत बसला. माझ्या एका सभेला आला होतात, मागं उभे राहिलात. "ब्येस बोलतोस," एवढंच म्हणालात आणि गेलात.

गेल्या आठवड्यात अण्णांचा नातू घरी आला. तीच गाडी त्यानं पुन्हा उभी केलीय, गळती मात्र थांबत नव्हती. "काका, त्या वस्तादांकडं तुम्ही होता म्हणं. बघता का जरा?" गेलो. पुसलं, पावडर टाकली, वायसर लाल केला, पाण्यात सोडला. हात आपोआप चालत होते, आणि मागं कुणीतरी फडक्याला हात पुसत उभं आहे असं सारखं वाटत होतं. दोनदा वळून पाहिलं. पाव फेऱ्यावर थांबलो. अर्धा तास इंजिन चालवलं, पावडर पांढरीच राहिली. पोरगा हरखला. "आज्जा मरंस्तवर म्हणायचा, त्या वस्तादाचा हात गेलता. तुमचा लई साफ हाय, काका." आता बोल, मी स्वतःला म्हणालो. हजारोंसमोर बोलतोस, या एकाला सांग. मी तोंड उघडलं. "चहा सांग की," म्हणालो.

वस्ताद, खरं तर मी आज त्या पोराला लिहायला बसलो होतो. तो दोनच गल्ल्या पलीकडं राहतो, पत्ता विचारायचीही गरज नाही. त्याचं नाव लिहिलं आणि हात थांबला. तो कागद फाडून दुसरा घेतला, आणि वर तुम्हाला हाक मारली. तुम्ही तेव्हाही मला काही विचारलं नव्हतं, आताही कबरीतून उठून विचारणार नाही. म्हणून तुम्हाला लिहिणं सोपं गेलं.