भाड्याचा पलंग

मंगळवार, ११ तारीख, दुपारची झोप मोडून

लाडक्या खारुताई,

आजीकडून तुझ्या दोन्ही गालांना पापे. वसतिगृहात पोटभर जेवतेस ना? इकडे सगळं ठीक. तुझ्या आईचा खोकला गेला. खालच्या शिंप्याने दुकानाला हिरवा रंग दिलाय, दिसतो मात्र शेवाळासारखा.

तू पाठवलेली शाब्दिक उदाहरणं सगळी सुटली गं! चौथीत शाळा सुटलेली मी, आणि आता पडल्यापडल्या मला क्ष सापडतो. सापडला की एकटीच टाळ्या वाजवते. पण त्या उदाहरणांतली माणसं मला काही धड वाटत नाहीत. एक नळ टाकी भरतो, दुसरा तीच रिकामी करतो, आणि घरातलं कुणी उठून तोटी बंद करत नाही? तो सायकलवाला तर पाणी प्यायलाही थांबत नाही. त्याच्या पाठी कोण लागलंय? काहीतरी लपवतायत मेले.

आपल्या घरातही तेच चाललंय. खुब्याचं हाड सांधल्यापासून मी ज्या पलंगावर आहे, बटण दाबलं की डोकं वर होतं तो, तुझ्या बाबाने भाड्याने आणलाय. आणला त्या दिवशी पलंगवाला दारात म्हणाला, "साहेब, विकतच घ्या, पुढे परवडेल." तर बाबा हळूच म्हणतो, "नको, भाड्यानेच. फार दिवस लागणार नाही." हळूच! हाड मोडलं होतं माझं, कान नव्हे.

तेव्हा काही मांडता येत नव्हतं. आता येतं. म्हणून परवा मांडलं. विकत एकोणचाळीस हजार. भाड्याने घेतला तर ने-आणीचे तीन हजार एकदाच, आणि महिन्याला पंधराशे. महिने धरले क्ष. तीन हजार पलीकडे नेले, छत्तीस उरले, पंधराशेने भागले. चोवीस! ताळा केला, बरोबर. टाळ्या वाजवल्या. आणि वाजवतावाजवता हात थांबले. दोन वर्षांपुढे मी टिकले तर बाबा तोट्यात. आणि एका बल्बसाठी चार दुकानं फिरणारा तुझा बाबा कधी तोट्याचा सौदा करत नाही.

मग सगळंच आठवायला लागलं. तुझी आई फोनवर बोलताना दार लोटते. पलंग आला त्याच आठवड्यात बाबा एक खोका घेऊन आला आणि मला बघताच पाठीमागे धरला. व्यायामवाली बाई म्हणते, "आजी, आज दारापर्यंत जाऊया?" मी म्हणते, "आज कळ आहे." की ती बाबाकडे बघते आणि बाबा तिच्याकडे.

काल चहाच्या वेळी धरलंच त्याला. म्हटलं, "चोवीस."

"काय चोवीस?"

"माझे महिने. तू किती धरलेस? खरं सांग."

त्याने कप खाली ठेवला. "आई, मी तीन धरलेत."

"तीनच?"

"तीन महिन्यांत चालाल, असं डॉक्टर तुझ्यासमोर म्हणाले होते ना? मग पुढे पलंग ठेवून काय करू? त्यावर कपडे वाळत घालू?"

उत्तर जरा जास्तच तयार होतं गं. मी म्हटलं, "कशावरून?"

तुझी आई उठली, कपाट उघडलं, तोच खोका माझ्या मांडीवर ठेवला. आत बूट. रबरी तळव्याचे, न घसरणारे, माझ्या मापाचे. "तुम्ही उभ्या राहिलात की द्यायचे म्हणून लपवले होते," ती म्हणाली. "अहो आई, चौथा महिना लागला. हे रोज फोन करून विचारतात, आज उठली का."

बूट कुणी भाड्याने आणत नाही, खारुताई.

आता तुला सांगते, कळ नव्हती. महिनाभर नव्हती. न्हाणीघराच्या दारात पडले तेव्हा जो आवाज झाला, तो जमिनीकडे बघितलं की अजून ऐकू येतो. व्यायामवाली भरत होती आणि मी खालून सोडून देत होते. नळाच्या घरच्यांना नावं ठेवणारी मीच.

बूट घातले. दारापर्यंत गेले. बाबा मागे, कोंबडीने पंख पसरावेत तसे हात करून. नाक मात्र दोनदा ओढलं.

आता माझं उदाहरण सोडव. बुटांना दोन हजार पडले. पलंग परत गेला की दिवसाला पन्नास वाचतात. बूट किती दिवसांत वसूल होतील? उत्तर मला येतं, बघून लिहू नकोस. आणि ही आजी न थांबता चालते असं धरायचं नाही. ती मधे खुर्चीवर टेकते, पाणी पिते, मग पुढे जाते.

पलंगवाल्याला शुक्रवारी बोलावलंय. जाताना तो काहीतरी जास्तीचं लावेलच, माझं लक्ष आहे. सुट्टीत आलीस की घंटी वाजव आणि जरा थांब. दार मी उघडणार आहे.

खिडकीला टेकून, उभ्याने सही करणारी
तुझी आजी