पडद्याबाहेरचं माप

३ फेब्रुवारी १९९६
सांगून टाकलं! लालबाग उद्यानातल्या बाकावर, शाल्मलीला. "घरी मी सत्यवती, पण मी मुलगी नाहीच गं. मुलगा आहे. माझं नाव निहार. आणि तू मला आवडतेस." तीन वर्षं शेजारी बसून प्रॅक्टिकलं केली, आणि एवढंसं बोलायला घाम फुटला! ती म्हणाली, "म्हणजे तुला मुली आवडतात?" मी म्हणालो, "तू आवडतेस! आणि मी मुलगा म्हणून!" ती उठून इंदिरानगरच्या बसने निघून गेली.

४ फेब्रुवारी
फोन नाही.

७ फेब्रुवारी
वर्गात आज ती पुढच्या बाकावर जाऊन बसली. गाढव आहे मी. एकवीस वर्षं गप्प होतो, परीक्षेपर्यंत अजून गप्प राहिलो असतो तर काय बिघडलं असतं? मागे एकदा कॉलेजच्या जिन्यात तिने हात धरला होता, ते मीच मनाला लावून घेतलं. खूप रडलो.

१० फेब्रुवारी
दुकानात काजं करत बसलो होतो. आमच्या चामराजपेटच्या शिंपीकामाच्या दुकानात आजोबांपासूनचा रिवाज — बायकांचं माप पडद्याआड आई घेणार, पुरुषांचं बाहेर अण्णा. माझं माप कायम पडद्याआड!

तर शाल्मली आली! हातात निळं कापड. माझ्याकडे बघितलंही नाही. "काका, शर्ट शिवायचाय. पुरुषाचा. निहारसाठी."

सुई बोटात घुसली.

"सरी, ठीक आहे," अण्णा म्हणाले. "घेऊन ये त्याला. मापाशिवाय मी कात्री लावत नाही."

"तो इथंच बसलाय, काका." — आणि माझ्याकडे बोट!

अण्णांनी कापडाची घडी केली, कपाटात ठेवली.

बाहेर आलो तर तिने हातच धरला. "तुझ्या शेजारी बसून विचारच सुचत नव्हता, म्हणून पुढे बसले. मला तूच हवायस. बागेत मी वेड्यासारखं विचारलं, पण तू मुलगा आहेस हे काय मला त्या दिवशी कळलं होय?" गालावर ओठ टेकवले — भर रस्त्यात, सगळ्या रिक्षावाल्यांसमोर! जिंकलो! जिंकलो रे निहार!

११ फेब्रुवारी
अण्णा बोलत नाहीत. नीट जेवलेही नाहीत. पण आता माघार नाही. शाल्मलीला तसं सांगितलं.

१२ फेब्रुवारी
दुकानात पाय ठेवला आणि सवयीने पडद्याकडे वळलो. अण्णांनी गळ्यातली टेप काढली.

"तिकडं कशाला? इकडं बाहेर ये. खांदे सरळ ठेव, निहार."